खेळ नव्हे, घरट्याची तयारी

लव्हबर्ड, म्हणजे पाळला जाणारा छोटा पोपट, कागद फाडतो तो कंटाळ्यामुळे, त्याला खेळणी द्या, असं बरेचदा सुचवलं जातं. नुसताच फाडत असेल तर पटतं. पण पीचफेस जातीची मादी लांब, एकसारख्या पट्ट्या कातरून शेपटीच्या वरच्या पिसांत खोचत असेल, तर ती घरट्याची तयारी आहे. आमची पिस्ता कॅलेंडरचं पान कडेकडेने टकटक चावत जायची आणि मान मागे वळवून पट्टी खोचायची. निम्म्या पट्ट्या वाटेतच गळायच्या, तरी ती परत बसायची कातरायला. फिशर्स ही लव्हबर्डची दुसरी जात मात्र हेच सामान चोचीत धरून नेते. कॉर्नेल विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला, तेव्हा त्यातून जन्मलेले पक्षी पट्टी खोचायला जायचे, पण त्यांना ते धड जमायचंच नाही. चोचीतून न्यायला शिकण्यात वर्षं गेली. हे वाचून मला फार गलबलून आलं होतं.

तेव्हा पट्ट्या खोचताना दिसली की सावध व्हा, नर नसला तरी ती अंडी घालू शकते. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेण लावा, घरट्याचं मडकं असेल तर काढून घ्या. कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडकू शकतं. पिसं फुगवून तळाशी बसलेली दिसली, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.