मिसफायर आला की आधी रिमॅप काढायचा? माझं मत: नाही

लोकमान्यनगर (धागाकर्ता)

मंडळी, गाडी १.२ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, ६८ हजार किलोमीटर झालेली. कंपनीतून १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. दोन वर्षांपूर्वी स्टेज वन रिमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) फाइल बदलून ताकद वाढवली, आता साधारण १३० आणि २२०. तेवीस महिने एक तक्रार नाही. गेल्या महिन्यात इंदूरकडे परतताना, सिमरोल यायच्या आधी, भेरूघाट चढताना तिसऱ्या गियरात, अडीच ते साडेतीन हजार आरपीएमच्या दरम्यान पाय दाबला, आणि मागून कुणी पदर धरून ओढावं तशी गाडी अडखळली. चेक इंजिनचा दिवा मिचमिचायला लागला. कोड पी०३०३, सोबत पी०३००. म्हणजे मिसफायर, मिश्रण पेटायचं चुकतंय: तिसरा सिलिंडर नक्की, बाकीचेही अधूनमधून. सकाळचं थंड इंजिन, आयडल, राजवाड्याच्या गर्दीतली रांग, यात कुठेही काही नाही. फक्त बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) चढला की.

देवास नाक्याकडच्या तीन गॅरेजांत जाऊन आलो. तिघांचं उत्तर एकच: "भिया, पहले रिमॅप हटवाओ, फिर बात करेंगे."

मला हे पटत नाही आणि म्हणूनच हा धागा. रिमॅप ही फाइल आहे, ती झिजत नाही. झिजतात ते ठिणगीचे प्लग, त्यांना व्होल्टेज देणारे कॉइल, दोघांना जोडणारे रबरी बूट, बूस्टचे पाइप. तीच फाइल तेवीस महिने नीट चालली, मग चोविसाव्या महिन्यात तिने काय केलं? स्टॉक केलं, म्हणजे कंपनीची मूळ फाइल टाकली, की बूस्ट उतरतो, सिलिंडरमधला दाब उतरतो, आणि अर्धमेला कॉइलसुद्धा ठिणगी पाडून जातो. दिवा विझतो, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जातं, आजार आत तसाच. याला दुरुस्ती म्हणू नये.

आतापर्यंत मी चारही प्लग नवे घातले आणि तिसऱ्याचा कॉइल पहिल्यावर, पहिल्याचा तिसऱ्यावर लावला. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी पुन्हा पी०३०३.

पिथमपूर_शिफ्ट

साफ असहमत. माझं रोजचं काम गाड्यांच्या चाचणीचं आहे. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक असो की तुमचा भेरूघाट, नियम एकच: एका फेरीत एकच बदल. तुम्ही प्लग आणि कॉइल एकाच दिवशी हलवलेत. चार दिवसांची शांतता कशामुळे मिळाली, सांगता येईल? नाही येणार.

कॉइल अदलाबदलीची परीक्षा उत्तम आहे, पण एकटी केली तर. कॉइल हलवला आणि कोड पी०३०१ झाला तर कॉइल दोषी. कोड जागेवर राहिला तर प्लग हलवा. तोही निर्दोष निघाला तर इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. आणि या सगळ्यात सर्वांत मोठा बदल कुठला? तुमचा रिमॅप. स्टॉक फाइलचं वागणं कंपनीने हजारो तास तपासलेलं असतं. तुमच्या फाइलचं वागणं ती लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

"फाइल झिजत नाही" हे खरं आहे. पण फाइलखालचं पेट्रोल बदललं की! तुमच्या ट्यूनरने ती कुठल्या पेट्रोलवर बसवली होती? शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंजेक्टरने जास्त पेट्रोल ओतायला हवं. फाइलने इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप आधीच काठावर नेऊन ठेवले असतील, तर भर बूस्टमध्ये मिश्रण पातळ पडतं आणि ठिणगी पडूनही पेट घेत नाही.

लोकमान्यनगर

दोन गोष्टी एकदम हलवल्या ही चूक झाली, मान्य.

पेट्रोलचं मात्र तपासलं आहे. लाँग टर्म फ्यूल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करतो ती दुरुस्ती) अधिक चार ते पाच टक्के, म्हणजे ईसीयूने नव्या पेट्रोलशी जुळवून घेतलंय. रेल प्रेशर (इंजेक्टरांकडे येणाऱ्या पेट्रोलचा दाब) मागितलेलं आणि मिळालेलं, दोन्ही रेषा घाटात एकमेकींना चिकटून आहेत. पेट्रोल कमी पडत असतं तर त्याची झळ चारही सिलिंडरांना लागली असती. इथे रडतोय तो मुख्यतः तिसरा. बूस्टचंही तसंच: मागितलेला आणि मिळालेला यांत फरक नाही, त्यामुळे पाइप फुटलाय असंही वाटत नाही.

सराफा_रात्री_बारा

डायरेक्ट इंजेक्शन आणि ६८ हजार? इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनचा थर असणार. अक्रोडाच्या टरफलाचं ब्लास्टिंग करून घ्या, विषय संपेल.

खंडवा_रोड

थर असेलच, या इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, तर धुणार कोण? पण कार्बनचा मिसफायर बहुतेक सकाळी, थंड इंजिनवर, आयडलला दिसतो. यांचा नेमका उलटा आहे. गरम इंजिन, भर भार. हे लक्षण ठिणगीचं.

ठिणगीला दोन टोकांमधली हवा फोडून जावं लागतं. ती हवा जितकी दाबलेली आणि टोकांमधलं अंतर जितकं जास्त, तितका जास्त व्होल्टेज लागतो. रिमॅपने दाब वाढवला, अंतर कंपनीचंच ठेवलं, तर कॉइलच्या डोक्यावरचा बोजा वाढला. धागाकर्ते, नवे प्लग डब्यातून काढून तसेच घातले का? गेज लावून गॅप मोजला का? ट्यून केलेल्या गाडीला बरेच जण ०.८ मिलिमीटरवरून ०.६ वर आणतात आणि एक पायरी थंड (टोकाची उष्णता लवकर सोडणारा) प्लग घालतात. थंड प्लग घेताना एक सांभाळा: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा उतरला की थंड. दुकानदारही इथे गोंधळतात.

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. गॅप न मोजता रिमॅपला फाशी देणं अन्याय आहे.

जुनं_गॅरेज

बाळा, मी चाळीस वर्षं हाताला काळं लावून घेतलंय, कार्ब्युरेटरपासून. तुझा मुद्दा हुशारीचा आहे, पण तू एक गोष्ट सोडून बोलतोयस. दिवा स्थिर जळतोय आणि दिवा मिचमिचतोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिचमिचणारा दिवा सांगतो की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेला लागलंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. तू महिनाभर घाटात पाय दाबून "पुन्हा होतंय का" बघतोयस, म्हणजे दरवेळी कन्व्हर्टर भाजतोयस.

आणि दुसरं. छोटं टर्बो इंजिन, कमी आरपीएम, भर टॉर्क: नेमक्या याच पट्ट्यात प्री-इग्निशन होतं. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. तुझा झटका त्याचा नाही हे तू कानाने ठरवलंस का? रिंगांच्या मधली पट्टी तुटलेला पिस्टन मी या हातात धरलाय. मालकाला आदल्या दिवसापर्यंत नुसता "थोडा झटका" जाणवत होता. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलंय का ते आधी बघ. तो दर्जा २०२० मध्ये आला आणि त्यात या आजाराची चाचणी आहे.

रिमॅप काढ म्हणतो ते बिघाड शोधायला नाही, इंजिन वाचवायला. रोग शोधेपर्यंत रोग्याला पळवत नाहीत.

लोकमान्यनगर

काका, हे मला टोचलं, कारण खरं आहे. ऑइल एसपीच आहे, पण बाकीच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. उद्याच फाइल स्टॉक करून घेतो आणि मग शोधतो. कारण रिमॅप आहे हे मात्र अजूनही मान्य नाही.

लोकमान्यनगर (सहा दिवसांनी)

झालं ते सविस्तर लिहितो.

गुरुवारी फाइल स्टॉक केली. शुक्रवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, तोच भेरूघाट, तोच तिसरा गियर. झटका नाही, दिवा नाही. गॅरेजवाले इथेच थांबले असते. मी सिलिंडरनिहाय मिसफायरचे आकडे लॉग केले होते: पहिला शून्य, दुसरा शून्य, चौथा शून्य, तिसरा सतरा. पायाला जाणवत नव्हतं, दिवा लागण्याइतकं नव्हतं, पण तिसरा स्टॉकवरही चुकत होता.

शनिवारी अंगणात बोनेट उघडलं. तिसऱ्याचा कॉइल ओढला तेव्हा त्याचा रबरी बूट मागल्या वेळेसारखाच प्लगवर राहिला आणि वेगळा काढावा लागला. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. गेल्या वेळी अदलाबदल केली ती वरच्या कॉइलची. बूट मी ज्याच्या त्याच्या भोकात परत घातले होते!

बूट ब्लेडने उभा चिरला आणि उन्हात धरला. आत एका बाजूला, वरून खाली, केसाएवढी काळी रेघ. टोकदार पेन्सिलीने ओढावी तशी, मध्ये एके ठिकाणी फाटा फुटलेली. मग प्लग बघितला. जेमतेम तीन आठवड्यांचा नवा प्लग, आणि त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर बरोबर त्याच जागी तशीच रेघ. पुसून गेली नाही, नखाने खरवडूनही नाही. ठिणगी टोकांमधून जाण्याऐवजी बाहेरून, या रेघेवरून, इंजिनच्या धातूत उतरत होती. जुन्या बुटाने नवा प्लग चार दिवसांत खराब केला, म्हणून ती चार दिवसांची शांतता. गॅप मोजला: चारही ०.८.

चारही कॉइल बुटासकट नवे, प्लग नवे, गॅप ०.६. स्टॉक फाइलवर पुन्हा तोच घाट: शून्य, शून्य, शून्य, शून्य.

म्हणून मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे. मोडलेली वस्तू बूट होती, फाइल नव्हती.

पिथमपूर_शिफ्ट

शोध मनापासून आवडला, विशेषतः दिवा न लागताही आकडे घेतलेत ते. पण निष्कर्ष अर्धाच काढताय. सतरा विरुद्ध शून्य हा आकडा तुम्हाला दिसला कारण गाडी स्टॉक होती. रिमॅपवर बाकीचे तिघेही थोडेफार चुकत होते, म्हणून पी०३०० यायचा. स्टॉक केल्यावर तो गोंधळ गेला आणि खरा गुन्हेगार एकटा उभा राहिला. आणि बूट का जळला? वाढलेल्या दाबाला ०.८ चा गॅप झेपेना, म्हणून ठिणगीने बाहेरची वाट काढली. फाइल टाकली त्याच दिवशी गॅप कमी करायला हवा होता. बूट मोडला, पण त्याला मोडायला लावलं त्या न केलेल्या कामाने.

खंडवा_रोड

म्हणजे दोष ट्यूनिंगच्या अर्धवटपणाचा, ट्यूनिंगचा नाही. फाइल विकताना प्लगचा विषयच न काढणारे लोक आहेत, त्यांना हे विचारायला हवं.

जुनं_गॅरेज

कन्व्हर्टर बघितलास का? महिनाभर कच्चं पेट्रोल गेलंय त्यातून. रबरी हातोडीने बाहेरून हलकंच ठोक. आत काही खुळखुळलं तर जाळी फुटलीय. आणि फाइल परत टाकायची घाई करू नकोस. टाकशील तेव्हा पहिल्याच दिवशी चारही सिलिंडरांचा नॉक रिटार्ड (अवेळी पेट टाळायला ईसीयू ठिणगी किती उशिरा टाकतो ते) लॉग करून इथे टाक, ज्या पेट्रोलवर रोज चालवतोस त्याच पेट्रोलवर.

लोकमान्यनगर

आत्ताच ठोकून बघितलं काका, खुळखुळत नाही. पुढच्या रविवारी फाइल टाकतो आणि संध्याकाळपर्यंत लॉग इथे लावतो. तोवर गाडी स्टॉकवरच.