पोतंभर जुने बिल्ले न् पत्रकं : साल कसं काढायचं, पावसाळ्यात कसं टिकवायचं?

दारव्हा_कापूस (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरून निवडणुकीचं साहित्य निघालंय. टिनचे साठेक बिल्ले : गाय-वासरू, नांगरधारी शेतकरी, पंजा, आणि सिंहाचे तीन बिल्ले. पत्रकांचे दोन गठ्ठे, डेमी १/८ (साध्या पुस्तकाच्या पानाएवढी). चार मोठी पोस्टरं, ती एकमेकांना चिकटलीत. बैलजोडीचं एक कापडी निशाण. पत्रकांवर वार-तारीख आहे, साल नाही.

विचारायचं असं : साल कशावरून काढायचं? पोस्टरं कशी सोडवायची? बिल्ल्यांच्या पिनांना गंज आहे, त्याचं काय? आणि पावसाळा तोंडावर आहे, तर पत्रकं तालुक्याला नेऊन लॅमिनेशन करून घ्यावीत का?

ट्रेडल_खिळे (अकोट)

भाऊ, लॅमिनेशन आधी डोक्यातून काढा. गरम रोलरमधून गेलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. थोडी ओल आत राहिली तरी पिवळे डाग धरतात, आणि मग कोणी काही करू शकत नाही.

आता साल. चिन्हावरून नुसता काळाचा पट्टा कळतो. काँग्रेसची बैलजोडी पहिल्या निवडणुकीपासून १९६९ ला पक्ष फुटेपर्यंत. इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं गाय-वासरू १९७१ आणि १९७७ च्या लोकसभेला. पंजा १९७८ च्या विधानसभेपासून. नांगरधारी शेतकरी १९७७ ला जनता पक्षानं वापरला, मूळ चिन्ह भारतीय लोकदलाचं. जनसंघाचा दिवा आणि १९८० नंतर भाजपचं कमळ तर सगळ्यांना माहीत. सिंह फॉरवर्ड ब्लॉकचा. आपल्या भागात तो दिसला की १९७१ आठवतं, कारण जांबुवंतराव धोटे त्या वर्षी नागपुरातून ह्याच पक्षाचे खासदार झाले. पण बिल्ल्यावर नुसता सिंह असेल, नाव नसेल, तर १९७१ असं ठोकून लिहू नका.

पत्रकावर चिन्हापेक्षा क्रियापद पहा. १९५२ आणि १९५७ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, पेटीवर चिन्ह. म्हणून "पेटीत मत टाका". १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीला एकच मतपत्रिका आली, तेव्हापासून "शिक्का मारा". २००४ च्या लोकसभेला सगळीकडं यंत्रं, तिथून "बटण दाबा". १९९९ ला काही मतदारसंघांत यंत्रं होती, म्हणून बटणाचं पत्रक त्या सालचंही असू शकतं.

मग सगळ्यात खालची बारीक ओळ वाचा, बहुतेक लोक तीच कापून टाकतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२७-क : प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत. छापखान्याच्या पत्त्यात पिनकोड असेल तर पत्रक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. "जि. गडचिरोली" १९८२ नंतर, "जि. वाशिम" १९९८ नंतर, "जि. गोंदिया" १९९९ नंतर. तुमच्याकडं मतदारसंघ "यवतमाळ-वाशिम" छापला असेल तर २००९ किंवा पुढचं. मात्र ही ओळ नाही म्हणून कागद खोटा ठरवू नका. नुसती सभेची वेळ-जागा कळवणाऱ्या पत्रकाला कायद्यानंच सूट आहे.

वार-तारखेचा उपयोग शेवटी करा. तीच तारीख त्याच वारी ५, ६ किंवा ११ वर्षांनी फिरून येते. चिन्ह, क्रियापद आणि पत्ता यांनी पट्टा आवळला की बहुधा एकच साल उरतं.

छपाईही बघून घ्या. कागद उलटा करून अंगठा फिरवा. खिळ्यांवरची (शिशाच्या सुट्या अक्षरांची) छपाई असेल तर पाठीमागं अक्षर हाताला लागतं. उमेदवाराचा फोटो ब्लॉकचा (धातूच्या ठशाचा), ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे जाड. "१९७७" म्हणून विकायला आलेल्या पत्रकावर कॉम्प्युटरचं गुळगुळीत अक्षर आणि सपाट पाठ असेल तर सरळ परत द्या.

लाखनी_जुनाकागद (जि. भंडारा)

वरच्या उत्तराला एक पुरवणी. पंजा दिसला की काँग्रेस असं धरू नका. १९५२ ला हाताचा पंजा हे चिन्ह फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचं होतं, आणि रुईकर नागपूरचे कामगार पुढारी. "पेटीत टाका" आणि पंजा एकाच कागदावर असतील तर तो कागद जिवापाड जपा. तसाच हत्ती. तो आधी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन ह्या आंबेडकरांच्या पक्षाचा, बसपाचा फार पुढं. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब आंबेडकर उभे होते, त्या वेळच्या हत्तीच्या पत्रकावर किती लोकांचा डोळा असतो ते सांगायला नको. तेव्हा भंडाऱ्याला लोकसभेच्या दोन जागा होत्या. दोन जागांचे मतदारसंघ १९६२ च्या आधी बंद झाले, म्हणून एका मतदारसंघासाठी दोन उमेदवार मागणारा कागद त्याच्या आधीचा.

आता पोस्टरं. कोरडी ओढू नका. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या. तळाशी ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं, त्यावर दोन विटा, विटांवर जाळी, जाळीवर पोस्टरं. कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, फक्त दमट हवा. झाकण लावून दर तासाला पहा. चार-सहा तासांत कोपरा नरम होतो, मग जुनं पोस्टकार्ड आत सरकवत सोडवा. अडलं की थांबा, परत टबात. रात्रभर ठेवू नका, आपल्याकडच्या उकाड्यात बुरशी धरायला तेवढं पुरतं. चकचकीत आर्टपेपर असेल तर तो बहुधा सुटत नाही, त्याचा थरच निघून येतो. तसा गठ्ठा तसाच ठेवलेला बरा.

सुटलेलं पोस्टर दोन टीपकागदांत, वर प्लायवूड, त्यावर वजन. अर्ध्या तासानं टीपकागद बदला, मग रात्री, मग सकाळी. उन्हात नको, कडा वळतात.

बिल्ले धुवू नका, पॉलिश पेपर लावू नका. टिनवरचा रंग पातळ असतो, एका घासण्यात चेहरा जातो. गंज पिनेवरच असेल तर काडीच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फक्त पिनेला. प्रत्येक बिल्ला वेगळ्या कागदी पाकिटात, कारण एकाची पिन शेजारच्याचा रंग खरवडते.

पत्रकांना पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं. नव्या रेनकोटसारखा वास मारणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत, ४५ अंशाला शाई त्यांना चिकटून येते. टिनाच्या छपराखाली किंवा भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, एकीकडं उष्णता, दुसरीकडं ओल न् उधई. झाकण घट्ट बसणारा डबा, विटांवर उचललेला. दहा लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत आत (स्वयंपाकाच्या तव्यावर नाही). कसर दिसली तर कोरडी पत्रकं हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर पाणी धरतं. डांबरगोळ्या प्लास्टिकच्या बिल्ल्यांजवळ नकोतच.

दारव्हा_कापूस

टबाचा उपाय लागू पडला, दोन पोस्टरं सुटली. तिसऱ्याच्या कडेचा लाल रंग बोटाला लागतोय. शिवाय गठ्ठ्यात गुलाबी मतपत्रिका निघाल्या, त्या ठेवल्या तर चालतं का?

लाखनी_जुनाकागद

तिसरं पोस्टर टबात घालूच नका. इथून पुढं काडीला ओला कापूस गुंडाळून कोपऱ्यावर दहा सेकंद टेकवायचा, कापूस रंगला तर दमट हवासुद्धा बंद. निशाणाचंही तेच, त्या काळचे कापडाचे रंग धुतले की एकमेकांत जातात. घडीही घालू नका, सुती कापडात सैल गुंडाळा.

ट्रेडल_खिळे

मतपत्रिका उलटून पाहा. पाठीमागं केंद्राचा शिक्का आणि मतदान केंद्राध्यक्षाची सही असेल तर ती खरी. केंद्राबाहेर नेणं हा गुन्हा आहे, विकत घेऊ-देऊ नका, फोटोही टाकू नका. तहसीलच्या निवडणूक शाखेत नेऊन द्या. पाठ कोरी आणि एकाच उमेदवाराचं नाव ठळक, बाकीच्या रांगा रिकाम्या, तर ती पक्षानं मतदारांना शिकवायला छापलेली नमुना मतपत्रिका. ती खुशाल ठेवा. बिल्ल्यापेक्षा ती कमी सापडते, कारण मतदान झालं की लोक चुलीत घालत.

आणि राजेहो, माळा झाडायच्या आधी कुठल्या गठ्ठ्यात काय कशाखाली होतं ते पेन्सिलनं पाकिटावर लिहून ठेवा. पेननं नको, शाई पाकिटातून आतल्या कागदावर उतरते.