मदत हवी आहे: मुलीला ट्रॅकवर बाइक शिकायची आहे, इंदूरहून सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी 23 वर्षांची आहे, इंदुरातच नोकरी करते. स्वतःच्या पगारातून यामाहा आर15 घेतली आहे. गाडी चांगली चालवते. तिच्यामागे बसून महूपर्यंत गेलो आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो. रविवारी तिचा ग्रुप महूजवळच्या घाटातल्या जाम गेटला जातो. तो रस्ता पाहिलेल्यांना माहीत असेल, वळणं सुंदर आहेत, पण पलीकडे ट्रॅक्टर आहे, गुरं आहेत की खडी पसरली आहे, हे वळण संपेपर्यंत कळत नाही. आणि सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर रात्री कशा शर्यती लागतात ते इंदूरकरांना सांगायला नको.

मध्यंतरी ती म्हणाली, "बाबा, मला वळणात गाडी नीट वाकवायला शिकायचंय, पण रस्त्यावर नाही, ट्रॅकवर." मला ते मनापासून पटलं. माझ्या आईला आणि बायकोला मात्र वाटतं की ट्रॅक म्हणजे रेस आणि रेस म्हणजे हाडं मोडणं. वेगाची ओढ तिला आहेच. मग जिथे समोरून कोणी येत नाही, कडेला मोकळी जागा आहे आणि रुग्णवाहिका तयार उभी आहे, तिथेच ती शिकली तर काय वाईट?

विचारायचं असं की, पीथमपूरचा नॅट्रॅक्स हा वाहनचाचणीचा ट्रॅक आमच्यापासून तासाभराच्या आत आहे, तिथे काही सोय होते का? नसेल तर चेन्नई की दिल्लीकडे? आर15 पुरेल का? अंगावरचा रायडिंग सूट विकत घ्यावा की भाड्याने? आणि विम्याचं काय? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चेन्नईस्थित:
काका, आधी तुमचं अभिनंदन. बहुतेक घरांत हा विषय निघाला की गाडीची किल्ली काढून घेतात.

नॅट्रॅक्सचा विचार सोडा. तो वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, आपल्यासारख्यांच्या सरावासाठी नाही. तिथला 11.3 किमीचा अंडाकृती हाय-स्पीड ट्रॅक तर शिकण्याच्या उपयोगाचाही नाही. त्याची वळणं इतकी कललेली बांधली आहेत की ताशी 250 किमीलाही गाडी बाहेर ओढली जात नाही. ताईला शिकायचं आहे ते नेमकं याच्या उलट: वळणाआधी वेग किती कमी करायचा, गाडी कुठे वळवायची, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) कधी उघडायचा.

त्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक उत्तम. 3.7 किमी, 12 वळणं. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग तिथेच भरतात. कीथ कोड यांनी 1980 मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही शाळा. पहिल्या पातळीवर थ्रॉटलवरचा ताबा, वळण्याची जागा ठरवणं, गाडी चटकन वळवणं, हँडलवर विनाकारण जोर न देणं आणि नजर कुठे ठेवायची, असे पाच धडे असतात. प्रत्येक धडा आधी वर्गात, मग लगेच ट्रॅकवर. गुडघा जमिनीला टेकवणं त्यात कुठेही नाही, हे आजींना जरूर सांगा. नवख्यांची पहिली चूक हीच असते, गुडघा टेकवायच्या नादात नजर पुढच्या वळणावरून हटते. आणि नजर जिथे, गाडी तिथे.

आर15 पुरेल का? पुरेल काय, मी तर म्हणेन तीच हवी. मोठ्या गाडीवर वळणातली चूक सरळ रस्त्यावर ताकदीने झाकता येते. आर15 च्या 155 सीसीवर वळणात घालवलेला वेग परत मिळवायला वेळ लागतो, त्यामुळे काय चुकलं ते लगेच समजतं.

ग्वाल्हेरकर:
आम्हाला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट जवळ. 2023 ची मोटोजीपी (मोटारसायकलींची जागतिक शर्यत) तिथेच झाली. अनुभव भारी आहे, पण पहिल्या वेळेला 155 सीसी घेऊन तिथे जाऊ नये. ट्रॅक 5 किमीहून लांब, मागची सरळ पट्टी किलोमीटरभराची. लहान गाडी त्या पट्टीवर नुसती गुरगुरत राहते आणि लिटर बाइकवाले (1000 सीसीवाले) कानाजवळून सुसाट जातात. नवख्या माणसाचं लक्ष शिकण्यापेक्षा मागे काय येतंय याकडेच राहतं. चेन्नईच बरं.

पुण्याची रायडर:
काका, सूटबद्दल मी सांगते, कारण मुलींची अडचण वेगळी असते. भाड्याचे सूट बहुधा पुरुषांच्या मापाचे असतात. खांद्यात सैल, कमरेत घट्ट. सैल सूटमध्ये पडताना कोपर-गुडघ्याचे आर्मर (संरक्षक पॅड) सरकतात, मग त्यांचा उपयोग शून्य. पहिल्या वेळी भाड्याने चालेल, पण आधी माप कळवून ठेवा आणि घालून, गाडीवर बसल्यासारखं वाकून बघायला सांगा. हेल्मेट, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज आणि घोट्याच्या वर जाणारे बूट मात्र स्वतःचेच घ्या. पाठीचा प्रोटेक्टर वेगळा लागतो, सूटच्या पाठीतला फोम म्हणजे प्रोटेक्टर नव्हे.

गाडीचं म्हणाल तर आरसे काढा, दिव्यांना टेप लावा, टायर आणि ब्रेक पॅड चांगले हवेत. काही ठिकाणी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) काढून साधं पाणी भरायला लावतात, कारण कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो. रेल्वेने पार्सल करणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

चेन्नईस्थित:
विम्याचं राहिलं. गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान खिशातून, असंच धरून चला. आरोग्य विम्यात धोकादायक खेळांचं कलम असतं. प्रमाणित कलमात 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यास, असे शब्द आहेत. तुमच्या पॉलिसीत तेच शब्द आहेत का ते वाचा आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या होकाराला अर्थ नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. ती आता टायरची तारीख बघायला खाली गेली आहे. चेन्नईचं नक्की केलं, हेल्मेट आणि बूट मी घेऊन देणार. विमा कंपनीला आजच लिहितो.

एकच विनंती उरली. पुण्याच्या ताई, किंवा ट्रॅकवर जाऊन आलेली इंदूर-उज्जैनकडची कोणी मुलगी असेल तर कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईशी दहा मिनिटं फोनवर मराठीत बोललात तर फार मदत होईल. माझं ती ऐकून घेते, पण तिला तिथे जाऊन आलेल्या बाईकडूनच ऐकायचं आहे.