मदत हवी आहे: नाव बदलूनही मुलाखत देणारा ओळखू येतो

माझ्या प्रबंधासाठी गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात ट्रकमालकांच्या सखोल मुलाखती झाल्यात. विषय: २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीनंतरचं कर्ज. नावं बदलली, गाव गाळलं, वय दहा-दहा वर्षांच्या गटात टाकलं. तरी ‘तीन ट्रक होते, एक विकून काजूची भट्टी घातली’ एवढं वाचलं की वाड्यावरचा कुणीही तो माणूस कोण ते ओळखतो. हे काढावं तर विश्लेषणच पोकळ होतं. कर्ज कुठल्या क्रमाने फिटलं हाच तर मुद्दा आहे. दोघांचं मिळून एक पात्र करणं मार्गदर्शकांना मान्य नाही. संमतीपत्रात अवतरणांना परवानगी आहे, ओळख उघड करायला नाही, आणि प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) सगळ्यांना खुला असेल. उतारे दाखवून पुन्हा संमती घेता येईल, सगळ्यांकडून नाही. मग कोणते तपशील बदलले तर क्रम शाबूत राहील, आणि ते बदल संशोधनपद्धतीच्या प्रकरणात किती उघडपणे नोंदवावेत?