अल्गोरिदम्सच्या मिडटर्ममध्ये आपटलो, कोर्स ड्रॉप करू का?

तळ्यात_मळ्यात:
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये पुण्याहून एमएससाठी अमेरिकेत आलोय. कॉम्प्युटर सायन्स, पहिलंच सेमिस्टर, तीन कोर्स, ९ क्रेडिट. अल्गोरिदम्सच्या मिडटर्मला १०० पैकी ३८ पडले. इंजिनिअरिंगला कधी केटी लागली नाही, त्यामुळे डोकं सुन्न झालंय. कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू येणार, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद. ठेवला आणि बुडालो तर जीपीए (ग्रेडची सरासरी) ३ च्या खाली, म्हणजे प्रोबेशन, ग्रेड सुधारा अशी ताकीद. मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय. रूममेट म्हणतो काढून टाक, डब्ल्यूला कोण विचारतंय. घरी अजून काही बोललो नाही.

शेवग्याची_शेंग:
घरचं नंतर बघू. वर्गाची सरासरी किती आली ते आधी सांग. आणि फायनलला वजन किती? नुसत्या ३८ वर कोणी काय सांगणार!

तळ्यात_मळ्यात:
सरासरी ४९, स्टँडर्ड डेव्हिएशन (मार्क सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) १५. मिडटर्म ३० टक्के, फायनल ४०, असाइनमेंट ३०. असाइनमेंटमध्ये आतापर्यंत ९० टक्के आहेत.

शेवग्याची_शेंग:
मग तू नापास कुठे झालास? सरासरीच्या एका डेव्हिएशनच्या आतच आहेस. आपल्याकडच्या चाळीसला पास या हिशेबानं इथले मार्क वाचू नकोस, इथे बरेच प्रोफेसर कर्व्ह लावतात, म्हणजे वर्गाचे मार्क बघून ग्रेड ठरवतात. तरी आधी सिलॅबस उघडून बघ, सगळेच लावतात असं नाही. मिडटर्मचे साधारण ११ आणि असाइनमेंटचे २७, म्हणजे ३८ खिशात. फायनलला ७० टक्के मिळाले तर २८ अजून, एकूण ६६. कर्व्ह असेल तर तेवढ्यावर बी मायनसच्या आसपास जाशील, नसेल तर अवघड आहे. हा एक प्रश्न प्रोफेसरला थेट विचार, लाजू नकोस.

घाटमाथा:
ड्रॉपचं बटण दाबायच्या आधी थांब! एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस ना? ग्रॅज्युएट पातळीवर बहुतेक विद्यापीठांत ९ क्रेडिट म्हणजे फुल टाइम. एक कोर्स सोडलास की ६ उरतात. डीएसओची (विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारा अधिकारी) परवानगी आधी आणि ड्रॉप नंतर, उलटं केलंस तर व्हिसा स्टेटस जातं. अभ्यासाच्या अडचणीसाठी रिड्यूस्ड कोर्स लोड (कमी क्रेडिट घ्यायची सूट) मिळतो, पण कारणं ठरलेली आहेत: सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, अमेरिकी शिकवण्याची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या कोर्सला बसणं. ‘ग्रेड खराब येईल’ हे त्यात बसत नाही. शिवाय एका डिग्रीत हे एकदाच मिळतं आणि तेव्हाही निम्मा लोड ठेवावाच लागतो. पुढच्या उन्हाळ्यात सीपीटीवर (शिकत असतानाच्या कामाची परवानगी) इंटर्नशिप करायची असेल तर त्याआधी सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुल टाइम लागतं, तेही डीएसओच्या कानावर घाल.
रूममेटनं डब्ल्यूचं सांगितलं ते खरंच आहे, त्याला एवढं घाबरायचं कारण नाही. व्हिसा मात्र तुझ्या नावावर आहे, त्याच्या नाही.

जुना_गडी:
आमच्या वेळी एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) डोक्यावर घेऊन चार सेमिस्टर फिरायचे लोक. ड्रॉप वगैरे लाड नव्हते.

शेवग्याची_शेंग:
@जुना_गडी, त्यांची एम-थ्रीची फी डॉलरमध्ये नव्हती हो. इतक्या उशिरा ड्रॉप केलं तर बहुतेक ठिकाणी छदामही परत मिळत नाही आणि कोअर कोर्स असेल तर पुन्हा पैसे भरून तोच करायचा.

कंदील:
उत्तरपत्रिका बघितलीस का? मार्क नेमके कुठे गेले?

तळ्यात_मळ्यात:
आज टीएकडे (प्रोफेसरचा मदतनीस) जाऊन बघितली. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या (छोट्या भागांची उत्तरं साठवून मोठं उत्तर काढायची पद्धत) प्रश्नात रिकरन्स (मोठं उत्तर छोट्या उत्तरांतून मांडणारं सूत्र) बरोबर, कोड बरोबर, तरी २० पैकी ६. शेजारी लाल पेननं लिहिलंय, ‘प्रूफ कुठे आहे?’ ग्रीडीच्या (दर पायरीला त्या क्षणी सर्वात चांगलं ते निवडायचं) प्रश्नातही हेच.

कंदील:
हे बरंच झालं म्हणायचं. विषय येतोय, लिहिता येत नाहीये. आपल्याकडे स्यूडोकोड आणि कॉम्प्लेक्सिटी लिहिली की काम भागतं. इथे अल्गोरिदम बरोबर का आहे ते सिद्ध करावं लागतं. ग्रीडीला एक्स्चेंज आर्ग्युमेंट (दुसऱ्या कुठल्याही उत्तरातली निवड बदलून आपली घातली तरी ते बिघडत नाही हे दाखवणं), डायनॅमिक प्रोग्रॅमिंगला इंडक्शन (लहानापासून एकेक पायरी वर सिद्ध करत जाणं). दर आठवड्याला दोन-तीन प्रूफ कागदावर पूर्ण वाक्यांत लिही आणि ऑफिस अवर्समध्ये टीएला दाखव. माझं मत विचारशील तर ठेव. रिकरन्सच चुकला असता तर सोड म्हटलं असतं.

तळ्यात_मळ्यात:
प्रोफेसरना भेटलो. कर्व्ह आहे, आणि फायनल चांगली गेली तर मिडटर्मचं वजन कमी करतात म्हणाले, सिलॅबसमध्येच होतं. डीएसओची अपॉइंटमेंट शुक्रवारची घेतलीय, निदान पर्याय कळतील. तूर्तास ठेवतोय. नेटवर्क फ्लोची (जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह नेता येईल ते काढणं) प्रूफंही अशीच लिहायची का?

कंदील:
तिथे बहुतेक वेळा रिडक्शन असतं, म्हणजे दिलेला प्रश्न फ्लोच्या प्रश्नात बदलायचा. मूळ प्रश्नाचं उत्तर असेल तर तेवढाच फ्लो मिळतो आणि फ्लो असेल तर उत्तर मिळतं, दोन्ही बाजू लिहायच्या. एकच बाजू लिहिलीस की पुन्हा लाल पेन. एखादं लिहून इथे टाक, बघतो.