वाडग्यासाठी ओंडका: घरी फाडावा की वखारीत न्यावा?

लेथवेडा, सातपूर
पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं शिरीषाचं झाड आडवं झालं. लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) वाडगा करायला फूटभर जाडीचा एक ओंडका मागून आणला आणि गोलच्या गोल बँडसॉच्या, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीच्या, टेबलावर ठेवून मधोमध कापायला लागलो. पातं टेकताच ओंडका गरकन फिरला, पातं पिळवटून तुटलं. बोटं शाबूत आहेत हे नशीब. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: हौशी माणसाने ओंडका फाडायच्या भानगडीत पडू नये. वखारीतून गाभ्यावरून दोन फाका करून आणा, सपाट बाजू खाली ठेवून मग बँडसॉवर गोल करा. चेनसॉ तर घरात नकोच.

आडगावकर
अजिबात पटलं नाही. वखारवाल्याला विचारलंत का? रस्त्याकडेच्या झाडांत क्लासच्या पाट्यांचे खिळे असतात. एक खिळा लागला की त्याच्या पात्याचे दाते गेले. मी दोन वखारींतून तसाच परत आलोय.

आणि दोष बँडसॉचा नाही, गोल वस्तू आधाराशिवाय ठेवलीत त्याचा आहे. मी चेनसॉच वापरतो. आधी व्यासापेक्षा दोनेक इंच लांब तुकडा. तो खाचेच्या घोडीवर (ओंडका धरणाऱ्या स्टँडवर) आडवा, दोन्ही बाजूंना पाचरी, दोन्ही तोंडांवर गाभ्यातून जाणारी खडूची रेघ, आणि काप लांबीच्या दिशेने. तुकडा उभा करून वरून कापलात तर चेन रखडते, पीठ पडतं. आडव्यात शेवयांसारखा लांब भुसा निघतो. तो झाकणाखाली दाटतो, म्हणून मशीन बंद करून काढत राहायचं. चेन ज्या पट्टीवरून फिरते तिच्या टोकाचा वरचा भाग कशालाच लागता कामा नये, तिथूनच मशीन उसळून अंगावर येतं.

पंचवटीची माई
मशीनवरून कसले भांडता! आमच्याकडे लाटणी कातायचं काम होतं. सासरे पाचर आणि घण घेऊन बसायचे. सरळ रेषेचं लाकूड आपणच सांगतं कुठून फुटायचंय. गाठाळ निघालं की बंबात.

लेथवेडा
माई, पण फुटलेली बाजू वाकडीतिकडी. बँडसॉवर डुगडुगली की पुन्हा तेच!

पंचवटीची माई
मग वाकसाने तासा की. हात आहेत ना, आत्ताच म्हणालात.

करवतवाला
कशानेही फाडा, उशीर करू नका. वाळताना लाकूड गोलाईच्या दिशेने आकसतं ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. अख्ख्या ओंडक्यात गाभा तसाच राहिला की तडा ठरलेला. टोकांतून पाणी सगळ्यात झपाट्याने उडतं, आणि नाशिकच्या एप्रिलात तर विचारू नका. टोकांना वितळलेलं मेण फासा. लगेच कातणार नसाल तर ओंडका लांबच ठेवा आणि पुढे तडकलेली टोकं छाटून टाका. मी आंब्याचे चार तुकडे ‘पुढच्या रविवारी’ म्हणून गच्चीवर ठेवले होते. चुलीच्या लायकीचे झाले.

लेथवेडा
खिळ्यांचं मान्य, ते डोक्यातच आलं नव्हतं. पण चेनसॉ एकट्याने, मागच्या अंगणात, जवळ कोणी नसताना? तिथे मी हटणार नाही.

आडगावकर
एकट्याने करा असं म्हटलंच कुठे? माझा मुलगा पाच पावलं लांब उभा असतो, फोन घेऊन. रविवारी या, तुमचा उरलेला शिरीष घेऊन. बूट घालून या, चपला घालून आलात तर फाटकाबाहेरूनच बघा.