नालबंद आमच्याकडे येण्याचे टाळत आहेत. आमचे काय चुकते आहे?

प्रश्न : राऊ, इंदूर

नमस्कार. आमच्याकडे ६ वर्षांची मारवाडी घोडी आहे. ती राऊजवळच्या आमच्या शेतावर असते आणि मी व माझा मुलगा आठवड्यातून चार-पाच दिवस तिच्यावरून रपेट करतो. गेली २ वर्षे तिच्या खुरांना नाल ठोकायला महूकडून एक वयस्क नालबंद येतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. त्यांच्या हाताला तोड नाही. परंतु हल्ली फोन केला की ते "बघतो, कळवतो" एवढेच म्हणतात आणि मग त्यांचा निरोप येत नाही.

मागच्या खेपेला घोडीने मागचा उजवा पाय दोनदा हिसकावून घेतला. दुसऱ्यांदा हिसका बसला तेव्हा खिळा खुराबाहेर निघालेला होता आणि त्याचे टोक मोडायचे राहिले होते. त्या टोकाने चाचांनी मांडीवर बांधलेले चामडे वीतभर फाटले. त्यांना इजा झाली नाही, पण काम पुरे करून ते चहा न घेताच निघाले. पैसे आम्ही बुडवलेले नाहीत, मात्र दोनदा पुढच्या खेपेवर ढकलले आहेत. तसेच घोडी व्यवस्थित चालत असल्यामुळे ६ आठवड्यांनी व्हायची नालबंदी कधीकधी १० आठवड्यांवरही गेली आहे. ते पुन्हा मनापासून यावेत यासाठी आम्ही काय बदलावे, हे अनुभवी मंडळींनी स्पष्टपणे सांगावे.

उत्तर १ : जुनी इंदूर, अनेक वर्षे घोडे बाळगलेला

आपण सगळे मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. पैसे आणि तारखा यांचे नंतर बघता येईल. आधी त्या मागच्या उजव्या पायाकडे बघा. मागचा पाय मांडीवर घेऊन वाकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. खिळा खुराच्या भिंतीतून बाहेर आल्यापासून त्याचे टोक मोडेपर्यंतचा जो थोडा वेळ असतो, तो त्यातला सर्वांत धोक्याचा, कारण त्या वेळी पाय हिसकला तर खिळा सुरीसारखा चालतो. चाचांचे चामडे फाटले ते नेमके त्याच वेळी. वयस्क कारागिराने त्या दिवशी घरी जाऊन काय विचार केला असेल, याची कल्पना आपण करू शकता.

घोडीला पाय देऊन उभे राहायला शिकवणे हे नालबंदाचे काम नाही, ते आपले आहे. नालबंद ६ आठवड्यांतून एकदा येणार आणि आपण रोज तिच्याजवळ असता. सकाळी खरारा करताना चारही पाय उचला. पहिल्या आठवड्यात पाच-दहा सेकंद पुरेत, पण ती ओढायच्या आत आपण होऊन पाय खाली ठेवा, म्हणजे पाय कधी सोडायचा ते माणूस ठरवतो हे तिच्या लक्षात येते. हळूहळू दोन-तीन मिनिटांपर्यंत जा. नंतर खुरावर तळहाताने थापट्या मारा, मग हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोका, आणि शेवटी कानस चालवताना चाचा करतात तसा पाय पुढे ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवून पाहा. एवढे करूनही ती फक्त मागचा उजवाच पाय ओढत राहिली, तर तिला हट्टी ठरवण्याआधी त्या पायाचे सांधे पशुवैद्यांना दाखवा. सांधा दुखत असेल तर पाय उंच धरला की तिला सोसवत नाही. हे आधी कळले तर नालबंद तोच पाय खाली धरून काम करतात.

काम चालू असताना घोडी खुंटीला बांधून निघून जाऊ नका. मोहरकी, म्हणजे तिच्या तोंडाला बांधलेली दोरी, एका जाणत्या माणसाच्या हातात हवी आणि त्याने नालबंद ज्या बाजूला असतील त्याच बाजूला उभे राहावे. घोडी बिथरली तर तो तिचे तोंड स्वतःकडे वळवतो आणि तिचे मागचे अंग नालबंदापासून दूर जाते. त्या माणसाने तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवावा. जागा सपाट, सावलीची आणि कोरडी असावी. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात खुराला अशी चिकटते की नुसते खूर खरवडण्यातच नालबंदाचा बराच वेळ जातो. तेव्हा ते येण्याआधी आपणच खूर साफ करून कोरडे करून ठेवावेत. ऐनवेळी नळाखाली पाय धुऊन ओली घोडी पुढे करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. माश्यांच्या दिवसांत पायांना माश्या न बसणारे औषध आधीच लावा, कारण निम्म्या लाथा माश्यांमुळेच झाडल्या जातात.

उत्तर २ : वडिलांकडून हे काम पाहिलेला, महू

माझे वडील नालबंद होते, त्यामुळे चाचांच्या "बघतो"चा अर्थ मला कळतो. नाही म्हणणे जड जाते, म्हणून ते तसे म्हणत असतील.

घोडी बरी चालते म्हणून तारीख पुढे ढकलणे ही समजूत कृपया सोडा. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. १० आठवड्यांत पुढचे टोक दीड-दोन सेंटीमीटर लांबते, टाच पुढे सरकून दबते, खिळे सैल होतात आणि पायाच्या मागच्या स्नायुबंधांवर ताण येतो. तसा पाय पुढे आला की नालबंदाला दीडपट मेहनत पडते, आणि एका खेपेत सगळे कापून पूर्ववत करताही येत नाही, कारण एकदम फार काढले तर घोडी दुखावते. मग मालक म्हणतात की या वेळी काम नीट झाले नाही. माझ्या वडिलांना याचेच सर्वांत अधिक वाईट वाटत असे. ते मजुरीबद्दल कधी बोलले नाहीत, पण दुसऱ्याच्या दिरंगाईचा दोष आपल्या हाताला लागला की त्या रात्री नीट जेवत नसत.

म्हणून चाचा अवजारे पेटीत भरत असतानाच पुढची तारीख ठरवा आणि तबेल्याच्या दारावर लिहा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की वरातीच्या घोड्या आणि बग्ग्यांमुळे नालबंदाला दिवस अपुरा पडतो, तेव्हा त्या दिवसांतली तारीख दिवाळीपूर्वीच पक्की करावी. येणे रद्द करायचे असेल तर आदल्या दिवशी सांगा. महूहून राऊपर्यंत येऊन परत जाण्यात त्यांची दुसरी दोन कामे बुडतात. पैसे काम संपताच हातात द्या. आधीचे जे राहिले असेल ते मागण्याची वेळ त्यांच्यावर आणू नका.

आणखी एक गोष्ट, आपली घोडी काळी असेल तर. काळ्या घोड्याची जुनी नाल शनीसाठी घरी हवी म्हणून आजूबाजूचे लोक कामाच्या वेळीच गोळा होतात आणि ठोकत असलेल्या माणसाशी बोलत राहतात. ज्यांना द्यायची त्यांना ती नंतर आपण द्या, पण त्या वेळी तिथे गर्दी होऊ देऊ नका.

उत्तर ३ : पशुवैद्य

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. केवळ एका प्रसंगाबद्दल लिहितो, कारण तिथे चांगले संबंध तुटताना मी पाहिले आहेत. नालबंदीनंतर एक-दोन दिवसांत घोडी लंगडली, तर बहुधा एखादा खिळा खुराच्या नाजूक भागाच्या फार जवळ बसलेला असतो. चांगल्या हातूनही असे होते, विशेषतः खुराची भिंत पातळ असेल किंवा घोडी हलली असेल तर. अशा वेळी पहिला फोन नालबंदांना करा आणि लगेच पशुवैद्यांनाही कळवा. तो खिळा वेळेत काढला तर बहुतेक घोडे लवकर सावरतात. घोड्यांना धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो, म्हणून त्याची लस वेळच्या वेळी दिलेली असावी. चार ठिकाणी नालबंदांना नावे ठेवून मग त्यांना बोलावणे मात्र करू नये; असे बोलणे त्यांच्या कानावर जातेच.

खूर तापणे, सूज येणे, आहारात मोठा बदल होणे यांपैकी काही झाले असेल तर ते नालबंदांना काम सुरू करण्यापूर्वी सांगावे. गुंतागुंतीच्या पायासाठी नालबंद आणि पशुवैद्य यांची एकत्र भेट घडवावी, आणि आम्ही एक सांगतो व ते दुसरे सांगतात अशी निरोपांची ने-आण टाळावी.

प्रश्नकर्तीकडून, पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. पत्रे वाचली त्याच संध्याकाळी मी आणि माझा मुलगा महूला गेलो, मागची बाकी दिली आणि फाटलेल्या चामड्याच्या बदल्यात नवे चामडे चाचांच्या पसंतीने करून दिले. पुढची तारीख मात्र मी त्या दिवशी मागितली नाही. आधी घोडीला तयार करते आणि मग फोन करते, असे सांगून आलो.

पशुवैद्यांनी मागचा उजवा पाय तपासला, सांध्यात दोष नाही. आम्ही रोज सकाळी पाय उचलतो. पहिले आठ-दहा दिवस ती कान मागे टाकून पाय ताठ करीत असे. आता दांड्याने ठोकले तरी शेपटी तेवढी हलवते. काल चाचा आले. पुढचे दोन्ही पाय आणि मागचा डावा विनासायास झाला. मागचा उजवा हाती घेण्यापूर्वी ते थांबले, तिच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत दोन मिनिटे उभे राहिले आणि मग पाय नेहमीपेक्षा खाली धरून त्यांनी खिळे ठोकले. एकदा तिने अंग आखडले, मुलाने तिचे तोंड आपल्याकडे घेतले, आणि पाय चाचांच्या हातातच राहिला. पुढची तारीख त्यांनी स्वतःच खडूने दारावर लिहिली आहे.